साहेबांचा मेसेज आलाय

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता. बँकांना सुट्टी. पुण्यातल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या शाखाही बंद होत्या. त्या दिवशी २८ देशांमध्ये माणसं एटीएमसमोर उभी राहिली आणि कॉसमॉसच्या कार्डांच्या नकला घालून पैसे काढू लागली. काही तासांत सुमारे १२,००० व्यवहार झाले आणि परदेशात ७८ कोटी रुपये गेले. देशात रुपे कार्डांवरून आणखी २,८४९ व्यवहार झाले, अडीच कोटींचे. त्यातले काही पैसे कोल्हापूरच्या एटीएममधून निघाले. मधला रविवार गेला. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतल्या एका ट्रेडिंग कंपनीच्या खात्यावर जमा झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेला हा फटका बसला तेव्हा एकाही तिजोरीला कुणी हात लावला नव्हता.

एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच ती कोअर बँकिंगकडे पाठवतो: खातं आहे का, शिल्लक आहे का, द्यायचे का? तिकडून होकार आला की नोटा बाहेर येतात. चोरांनी या साखळीत आपला एक खोटा स्विच घुसवला. तो वर काही विचारतच नव्हता, आलेल्या प्रत्येक कार्डाला ‘द्या’ म्हणत होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढच्या वर्षी या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्यातल्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली. ते नकली कार्डं घेऊन इथल्या एटीएमवर फिरलेल्या टोळीतले होते. खरे कारागीर कुठल्या कोठडीत नाहीत.

मला या प्रकरणात सगळ्यात लक्षणीय वाटतो तो वार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद ठेवायची पद्धत आपल्याकडे सप्टेंबर २०१५ पासूनची. परदेशात बसलेल्या माणसाला ती माहीत असायचं काही कारण नाही. योगायोग असेलही. पण मग असे योगायोग फार झाले.

बांगलादेश बँकेचं घ्या. ही त्या देशाची मध्यवर्ती बँक, आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, पण न्यूयॉर्कमध्ये, जिथे या बँकेचे डॉलर ठेवलेले होते, तिथे शुक्रवार हा कामाचा दिवस. न्यूयॉर्कमध्ये शंका येऊन कुणी उलट विचारलं तर ढाक्यात उत्तर द्यायला कुणी नाही. ढाक्याचे लोक रविवारी कामावर आले की न्यूयॉर्क बंद. पैसे जिथे पोचायचे त्या फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. तीन देशांची पंचांगं समोर ठेवून काढलेला हा मुहूर्त होता. ३५ आदेशांतून जवळपास ९५ कोटी डॉलर काढायचा बेत होता, १०.१ कोटी निघाले. त्यातले दोन कोटी श्रीलंकेला गेले, पण संस्थेच्या नावात ‘फाउंडेशन’च्या जागी ‘फँडेशन’ लिहिलेलं मधल्या बँकेतल्या कुणाच्या तरी नजरेस आलं आणि ते परत आले. बाकीचे ८.१ कोटी मनिलाच्या मकाती भागातल्या आरसीबीसी बँकेच्या ज्युपिटर स्ट्रीट शाखेत पोचले. गंमत म्हणजे पुढचे आदेश अडले त्यालाही हाच ‘ज्युपिटर’ कारण ठरला. निर्बंध घातलेल्या एका जहाजाशी हे नाव जुळत होतं, म्हणून न्यूयॉर्कच्या यंत्रणेने ते बाजूला काढले. एका स्पेलिंगने दोन कोटी वाचवले आणि रस्त्याच्या एका नावाने कितीतरी अधिक.

ढाक्यात मात्र शुक्रवारी सकाळी ड्युटीवरच्या माणसाला एवढंच दिसलं की प्रिंटर चालत नाही. स्विफ्टच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद ज्या प्रिंटरवर आपोआप छापली जायची, तोच बंद. कार्यालयात काम केलेल्या कुणालाही यात संशयास्पद काय वाटणार? प्रिंटर अडकणं हे ऑफिसच्या आयुष्यातलं सगळ्यात सामान्य दुखणं. तसंच समजलं गेलं.

पुढच्या वर्षी वॉनाक्राय हा संगणक कुलूपबंद करणारा हल्ला आला तो शुक्रवारी, १२ मे २०१७ रोजी. नॉटपेट्या ही संगणकांतली कीड सुटली २७ जूनला, युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी. २०२१ मध्ये कासेया कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून हजारच्या आसपास धंद्यांचे संगणक कुलूपबंद झाले ते २ जुलैला, अमेरिकेतल्या चार जुलैच्या लांबलचक सुट्टीच्या तोंडावर. हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हाही, फराळाची ताटं इकडून तिकडे जात असताना, हिंजवडीत, ऐरोलीत, बंगळुरात कुणीतरी स्क्रीनसमोर बसलेलं असेल. दिवाळीची ड्युटी पूर्वी पोलिसांना, एसटीच्या चालक-वाहकांना, दवाखान्यातल्या सिस्टरना असायची. आता ती संगणकवाल्यांनाही असते.

नॉटपेट्याचा फटका आपल्या दारात बसला. न्हावा शेवा बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे आहे. युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटलेली कीड मर्स्कच्या जाळ्यातून इथवर आली आणि टर्मिनलचं संगणकीकृत काम थांबलं. कुठला कंटेनर कुणाचा, कुठे ठेवलाय, कुठल्या ट्रकवर चढवायचा, हे सगळं ज्या यंत्रात होतं तेच गप्प झालं. माणसांना हाताने कागदावर काम करावं लागलं आणि खोळंबणाऱ्या ट्रकांसाठी जागा शोधायची वेळ आली. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असं त्यांच्या अध्यक्षांनी नंतर दावोसला सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा सांभाळणारे सर्व्हर जगभर एकजात पुसले गेले होते. घानातला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगने उपकार केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

या सगळ्या मोठ्या नावांच्या गोष्टी झाल्या. रोजच्या कामात हे कसं दिसतं ते पाहायला एका सहकारी बँकेच्या शाखेत मी एक सकाळ बसून होतो. महिन्याची सुरुवात, पेन्शनची गर्दी, पासबुक छापायच्या यंत्रापुढे रांग. साडेअकराच्या सुमाराला एक काकू एफडी मोडायला आल्या. मुदत संपायला चार महिने राहिलेले. खिडकीतली अधिकारी तिशीची असेल.

“काकू, एवढ्यात का मोडताय? व्याज जाईल ना.”

“काम आहे घरात.”

“कसलं?”

काकूंनी उत्तर दिलं नाही. त्यांचा हात सारखा पर्सकडे जात होता. अधिकारी बाईंनी पैसे भरायच्या पावतीचा एक कोरा कागद उलटा केला, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘फोनवर कुणी आहे का? नुसती मान हलवा’, आणि काचेखालून पुढे सरकवला. काकूंनी चष्मा वर करून तो वाचला. मग एवढ्या जोरात बोलल्या की रांग वळून बघू लागली. “अहो, बाथरूम गळतंय माझं! खालचे रोज भांडायला येतात. माझ्या पैशाला मी हात लावायचा नाही का?”

बाई ओशाळल्या. काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं, एफडी मोडून दिली. नंतर मला म्हणाल्या, “बहुतेक वेळा असंच होतं. लोक चिडतात. पण एकदा खरंच एक आजोबा निघाले. खिशात व्हिडिओ कॉल चालू, समोर वर्दीतला माणूस. त्यानंतर मी विचारायचं सोडत नाही.” काकूंशी बोलण्यात दहा मिनिटं गेली होती. मागे रांग वाढली होती, आणि महिन्याच्या विमा पॉलिसींचं टार्गेट कुणी कमी करणार नव्हतं.

भिंतीवर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनचं पोस्टर होतं. व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसांनी केलेली ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून सांगावं लागलं. त्या एका वर्षात सायबर फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. यातला प्रत्येक रुपया कुठल्या ना कुठल्या खात्यातून निघून कुठल्या ना कुठल्या खात्यात गेला. म्हणजे दोन्ही टोकांना एखादी शाखा आहे, एखादा कर्मचारी आहे. खातं उघडणाऱ्याने आता खातेदाराचा चेहरा वाचायचा की हा पोरगा खरंच विद्यार्थी आहे की पाच हजारांसाठी खातं भाड्याने देणारा. पैसे काढून देणाऱ्याने समोरच्याचा आवाज वाचायचा. यातलं काहीही त्यांच्या भरतीच्या परीक्षेत नव्हतं. पगारात तर नाहीच.

पण लोभ किंवा भीती दाखवून फसवणं हे जुनं आहे. ऑफिसांमध्ये जो प्रकार सर्वाधिक चालतो तो वेगळाच आहे, आणि तो आपल्या रक्तातल्या एका सवयीवर चालतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने मेसेज आला. अमुक खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा. एक कोटीहून अधिक रुपये गेले. मेसेज पूनावालांचा नव्हताच. जगाला लस पुरवणारी कंपनी, लिहिणारे-वाचणारे, अनुभवी लोक. हे सगळं असून हे कसं झालं, असं त्या वेळी बरेच जण विचारत होते. मला तेव्हाही प्रश्न उलटा वाटला होता: मालकाचा मेसेज आल्यावर ‘सर, हे तुम्हीच ना?’ असं विचारायची प्रथा किती ऑफिसांत आहे?

हाँगकाँगमध्ये तर कडी झाली. अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या तिथल्या कर्मचाऱ्याला लंडनच्या वित्तप्रमुखांच्या नावाने गुप्त व्यवहाराबद्दल ईमेल आला. त्याला शंका आली. मग व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर वित्तप्रमुख, सोबत ओळखीचे सहकारी. त्याची शंका फिटली. १५ वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. कॉलवर त्याच्याखेरीज एकही माणूस खरा नव्हता. २०२४ च्या सुरुवातीला हे बाहेर आलं.

तोतया ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत ही आशा घराघरात होती, आणि तिच्यावरच भाऊसाहेबांचा तोतया पोसला गेला. पुण्यात त्याची चौकशी झाली, तो खोटा ठरला, कैदेत पडला; तरी १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटून त्याने कोकणातले किल्ले घेतलेच. किल्ल्यांवरचे लोक मूर्ख होते असं नाही. भाऊसाहेबांना ‘तुम्ही कोण?’ हे विचारायचं कुणी, असा पेच होता. आजच्या अकाउंटंटपुढेही तोच आहे. त्यातून त्याच्याकडे वेळ कमी. मेसेज येतो तो शुक्रवारी पाचला, साहेब ‘मीटिंगमध्ये’ असतात, फोन करू नका म्हणतात, आणि काम ‘आपल्या दोघांतच’ ठेवायचं असतं.

चोरांनी संगणकाचा अभ्यास केला आहे हे खरं. त्याहून जास्त अभ्यास त्यांनी आपल्या नोकरीचा केलाय, असं मी या विषयावर जितक्यांशी बोललो तितकं मला वाटत गेलं. मार्चएंडला कुणाची तारांबळ उडते, कुणाची सही कुणाला लागते, रजेवर कोण आहे, साहेबांशी उलट बोलायची कुणाची छाती नाही, हे त्यांना पाठ असतं. सुरक्षेच्या प्रशिक्षणात कर्मचाऱ्याला ‘सगळ्यात कमकुवत कडी’ म्हणायची फॅशन आहे. मला ती चीड आणणारी वाटते. पंचवीस वर्षं ज्याला ‘सांगितलं तेवढं करा’ शिकवलं, त्याला आता ‘सांगितलं ते का केलंत?’ म्हणून नोटीस द्यायची?

जुन्या कारभाराला हे कळत होतं. शिवकालीन पत्राच्या शेवटी मोर्तब असायचं, म्हणजे मजकूर जिथे संपला तिथेच मुद्रा, पुढे कुणी ओळ घुसडू नये. हुंडीवर रक्कम लिहिताना तिची निम्मी रक्कम लिहून ‘त्याच्या दुप्पट’ असंही लिहीत, की एक आकडा खोडून चालू नये. बँकेच्या तिजोरीला आजही दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे. संगणकात हीच पद्धत आणली: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. बँकवाले तिला मेकर-चेकर म्हणतात. आता एखाद्या लहान पतसंस्थेत जा. मॅनेजर पुतण्याच्या लग्नाला गावी गेलेत. चेकर तेच. काम अडायला नको म्हणून त्यांचा पासवर्ड क्लार्कला ठाऊक आहे, क्लार्क जेवायला गेला की शिपायालाही. पासवर्ड काय? संस्थापकांचं आडनाव आणि पुढे १२३. दोन किल्ल्या एकाच खिळ्याला टांगलेल्या.

मोठ्यांकडे काही वेगळं नव्हतं. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा २०१८ मध्ये उघडकीला आला. तिथे स्विफ्टची यंत्रणा कोअर बँकिंगला जोडलेलीच नव्हती. स्विफ्टवरून हमीपत्रं जात राहिली आणि बँकेच्या वहीत त्यांचा पत्ता नव्हता. हजारो कोटींचं भोक पडायला परदेशी हॅकरची गरज पडली नाही.

शारीरिक धोक्याशी मुंबईच्या नोकरदाराने फार आधी जुळवून घेतलं. १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला तेव्हापासून; त्या दिवशीच्या स्फोटमालिकेत २५७ माणसं गेली. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांनंतर आणि मग २६/११ नंतर स्टेशनांवर धातुशोधक चौकटी आल्या. त्या दिवसभर पिंपिं करतात आणि कुणी मान वर करत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालय बॉम्बच्या ईमेलमुळे रिकामं करावं लागलं. काही सापडलं नाही, कामकाज पुन्हा सुरू झालं. इमारतीच्या दाराशी बॅगा उघडून बघणारा वॉचमन बारा तासांची पाळी करतो आणि तो बहुधा कंत्राटी असतो. दहाव्या मजल्यावर सायबर सुरक्षेवर लाखो खर्चणाऱ्या कंपनीतही.

खूप वेळा वाजणाऱ्या घंटेचं काय होतं, हे त्या दहाव्या मजल्यावरही बघायला मिळतं. मोठ्या कंपन्यांच्या सुरक्षा केंद्रांत पाळ्यांमध्ये तरुण पोरं-पोरी बसतात. काम म्हणजे इशारे बघणं. यातले बहुतेक खोटे निघतात. कुणी पासवर्ड विसरला, कुणी गोव्याहून लॉगिन केलं. प्रत्येक इशारा उघडायचा, तपासायचा, शेरा मारून बंद करायचा. एखादा खरा असतो. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीची ४ कोटी कार्डं २०१३ मध्ये चोरीला गेली, त्याआधी त्यांच्या बंगळुरातल्या चमूने यंत्रणेचा इशारा पाहिला होता आणि मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलाही होता. तिकडे कुणी हललं नाही. खालच्याने पाहिलं, खालच्याने सांगितलं, आणि वर ते ऐकायला कुणी नव्हतं. या विषयावरच्या भाषणांत नवनव्या यंत्रणांबद्दलच ऐकायला मिळतं. बंगळुराचा हा प्रसंग त्यात मला कधी भेटलेला नाही.

सवय लावण्यासाठी कंपन्या आपल्याच माणसांना खोटे ईमेल पाठवतात. लिंक दाबली की नाव यादीत जातं आणि प्रशिक्षणाचा व्हिडिओ बघावा लागतो, जो सगळे दुप्पट वेगाने बघतात. गोडॅडी कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये, करोनाच्या वर्षात, कर्मचाऱ्यांना ६५० डॉलर बोनसचा ईमेल पाठवला. ज्यांनी हौसेने माहिती भरली त्यांना दोन दिवसांनी कळलं की ही परीक्षा होती आणि ते नापास झाले. कंपनीला माफी मागावी लागली. आपल्याकडे दिवाळीच्या बोनसवर असा प्रयोग करायचं कुणाच्या डोक्यात येऊ नये.

सरकारच्या बाजूने नियम वाढत चालले आहेत. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना संकेतस्थळं ‘बँक डॉट इन’वर न्यायला लावली, नकली पत्ते ओळखता यावेत म्हणून. हे चांगलंच आहे. पण जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा खबरदारी म्हणून तिची जोडणीच तोडली गेली आणि सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय, एटीएमसारखे व्यवहार एकदम थांबले. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्धा टक्काही नसेल. पण ज्या शाखेत खतासाठी पैसे काढायला शेतकरी उभा आहे, तिथे तो शंभर टक्के असतो. दुसऱ्या दिवशी जोडणी सुरू झाली. मधल्या काळात लोकांची बोलणी कुणी खाल्ली? काउंटरवरच्याने.

ज्यांनी या फसवणुकी खरोखर अडवल्या, त्यांच्याकडची युक्ती अगदी साधी निघाली. चाकणच्या एका कारखान्याच्या लेखा विभागात भिंतीवर मालकांच्या सहीचा कागद लावलाय: माझ्या नावाने पैशाचा निरोप आला तर मला माझ्या जुन्या नंबरवर फोन करा, मी मीटिंगमध्ये असलो तरी, रात्री असलो तरी. अकाउंटंट सांगत होते की पहिल्या वेळी फोन करताना हात थरथरले होते. मालक झोपेतून उठले, “मीच सांगितलं होतं, पाठवा,” म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या महिन्यात अकाउंटंटनी आणखी एकदा फोन केला. त्या वेळी मालकांनी काही सांगितलं नव्हतं.

असा कागद किती ठिकाणी लागेल, याची मला शंका आहे. चूक झाल्यावर जबाबदारी कुठवर खाली घसरते, हे सगळ्यांना दिसतं. बांगलादेश बँकेच्या गव्हर्नरांनी राजीनामा दिला. मनिलात जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ज्युपिटर स्ट्रीट शाखेच्या व्यवस्थापक बाईंना आठ गुन्ह्यांत दोषी ठरवलं, प्रत्येकी चार ते सात वर्षांची कैद. एवढं मोठं प्रकरण एका शाखेतल्या अधिकाऱ्याला एकटीने करणं शक्य नाही, असं त्यांच्या वकिलांचं म्हणणं होतं. त्यांच्या आरसीबीसी बँकेलाही शिक्षा झाली होती: एक अब्ज पेसोंचा दंड, दोन हप्त्यांत भरायच्या सवलतीसह.